सेल्फ फिरतोय, मग धक्का कशाला?

आज बोलायचंय गाडीविषयी. हल्ली बऱ्याच बचतगटांकडे गाडी असते. कुणाची भाजी बाजाराला नेणारी व्हॅन, कुणाचा पापड-लोणच्याचा टेम्पो. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायलाही तीच गाडी. हप्ता आपण भरतो, पण गाडी बंद पडली की सल्ले मात्र दुसऱ्यांचे, आणि मेकॅनिक सांगेल ते बिल आपलं. म्हणून थोडी माहिती आपल्याकडेही हवी.

आज एकच दुखणं घेऊ. किल्ली फिरवली, सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन चालू होत नाही.

अशा वेळी पहिला सल्ला येतो, "धक्का मारा." दुसरा येतो, "बॅटरी गेली, नवी घाला." जरा विचार करा. धक्का मारून आपण काय करतो? इंजिन फिरवतो. सेल्फही तेच काम करतो. तो नेहमीसारखा फिरतोय म्हणजे बॅटरीत जोर आहे. मग धक्क्याने काय वाढणार? नुसती माणसं दमतील. हां, सेल्फ रडत-रखडत फिरत असेल, दिवे मंद होत असतील, तर मात्र बॅटरी बघायची. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे का, पट्टी ढिली आहे का, ते आधी पाहायचं.

सेल्फ नीट फिरतोय, तर खोट कुठे शोधायची? आपली चूल आठवा. चुलीला जळण लागतं, वारा लागतो आणि काडी लागते. पेट्रोल इंजिनालाही हेच तीन लागतात. इंधन, हवा आणि प्लगची ठिणगी. तिघांतलं एक जरी नसलं, तरी इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही.

हात लावण्याआधी हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला आणा. पदर, ओढणी, वेणी नीट खोचून घ्या, पंख्याच्या पट्ट्यात अडकायला नको. उजेडाला बॅटरी घ्या. काडी, कंदील, विडी जवळ नको. आणि ठिणगी येते का बघायला प्लगची वायर हातात धरू नका, जबर झटका बसतो.

आता पहिलं, इंधन. काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, काटाही बिघडतो. गाडी उतारावर असेल आणि टाकीत थोडंच पेट्रोल असेल, तर ते एका बाजूला जातं आणि पंपाला मिळत नाही. ज्यांची गाडी सीएनजीवर चालते, त्यांनी हे नीट ऐका. अशा बऱ्याच गाड्या चालू होतात पेट्रोलवर आणि मग गॅसवर जातात. गॅस भरलाय म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवली, तर सकाळी गाडी नुसता सेल्फ घेते.

पेट्रोल आहे, तर ते पुढे येतंय का बघा. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत किल्ली फक्त ऑनला आणली, सेल्फ मारला नाही, की टाकीच्या बाजूने दोनेक सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. तो पंप. आवाज आलाच नाही, तर पंपाचा फ्यूज बघा. उडालेला फ्यूज बदलताना तेवढ्याच आकड्याचा घालायचा. 15 च्या जागी 15. तार गुंडाळून काम भागवलं, तर वायरिंग पेटू शकतं.

दुसरं, किल्लीचा दिवा. बऱ्याच नव्या गाड्यांत समोर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र असतं. ते लुकलुकत राहिलं, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. चोरी होऊ नये म्हणून ती इंजिन चालूच होऊ देत नाही. घरातली दुसरी किल्ली लावून बघा.

तिसरं, वास. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि कुठे गळत नसेल, तर इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, प्लग ओले झालेत. दहा मिनिटं थांबा. मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सात सेकंद सेल्फ मारा. खाली पेट्रोल टपकत असेल, तर मात्र किल्ली काढा आणि लांब व्हा.

चौथं, हवा. गाडी गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या खोलीजवळ उभी असते ना? उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घरटं करतात, वायरी कुरतडतात. डबा उघडून बघा.

डिझेल गाडीचं थोडं वेगळं. तिला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. थंडीत किल्ली ऑन केल्यावर वेटोळ्याचा दिवा लागतो, तो विझल्यावरच सेल्फ मारा. टाकी पार रिकामी झाली असेल, तर नुसतं डिझेल भरून भागत नाही, पाइपात हवा अडकते. फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. पाइप मात्र स्वतः सोडू नका.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मध्ये मिनिटभर विश्रांती. असं तीन-चार वेळा, मग थांबा. नाहीतर चांगली बॅटरी उतरते, सेल्फ तापतो आणि खर्च दुप्पट होतो. ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली असेल, तर एकदाही सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर आतले दांडे वाकतात. सेल्फ एकाएकी फारच हलका, सळसळत फिरायला लागला, तरी थांबा. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो.

मग मेकॅनिकला फोन करा. "गाडी बंद पडली" एवढंच सांगू नका. सांगा, सेल्फ नीट फिरतोय, टाकीत इतकं पेट्रोल आहे, पंपाचा आवाज येत नाही, किल्लीचा दिवा विझतोय. तो योग्य सामान घेऊन येईल. आणि त्याने पहिल्याच झटक्यात नवी बॅटरी सांगितली, तर विचारा, "दादा, सेल्फ एवढा जोरात फिरतोय, मग बॅटरी कशी गेली?" काढलेला जुना भागही मागून घ्या.

येत्या गटाच्या बैठकीत एक काम करा. गाडी धडधाकट असतानाच सगळ्याजणी तिच्याजवळ जा. फ्यूजचा डबा कुठे आहे ते शोधा. दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते वहीत लिहा. किल्ली ऑन करून पंपाचा आवाज प्रत्येकीने कान देऊन ऐका. चांगल्या गाडीचा आवाज ओळखीचा झाला, तरच बिघडलेल्या दिवशी काय कमी आहे ते कळेल.