पाणी न पिण्याची नोकरी

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. विषय संडासाचा आहे. जेवायला बसला असाल तर नंतर ऐका, माझी काही हरकत नाही. पण ऐका.

मी कोयनानगरला राहते आणि तिथल्याच एका कार्यालयात नोकरी करते. कार्यालयाचं नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की सगळे त्या एका ऑफिसबद्दल बोलतात आणि आपलं ऑफिस, आपलं कॉलेज तेवढं सुटतं.

मला लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी. साइडव्हील लावलेली स्कूटर आहे, तिच्यावरून मी हेळवाकपर्यंत, कधी पाटणपर्यंतही जाते. कामात मी कुणापेक्षा कमी नाही, हे माझे वरिष्ठसुद्धा सांगतील. माझी अडचण एकच होती. सकाळी सातला अर्धा कप चहा घेतला की संध्याकाळी साडेसहाला घरी येईपर्यंत मी पाण्याचा घोट घ्यायचे नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. नऊ वर्षं.

आता गंमत बघा. ऑफिसच्या जवळच कोयना धरण आहे. शिवसागर जलाशय, १०५ टीएमसी पाणी. पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास. जून ते सप्टेंबर आमच्याकडे छत्री वाळत नाही. एवढ्या पाण्याच्या काठावर बसून मी दिवसभर कोरड्या घशानं टायपिंग करायचे. टेबलावर पाण्याची बाटली असायची, पण ती दाखवायला. बाटली नसली की लोक विचारतात.

कारण सांगते. आमच्या ऑफिसचं लेडीज टॉयलेट इमारतीच्या मागं आहे. सहा पायऱ्या उतरून जायचं, कठडा नाही. आत भारतीय पद्धतीचं भांडं. कॅलिपर लावलेल्या पायानं उकिडवं बसता येत नाही, हे सांगायला नकोच. दार आत उघडतं, त्यामुळं कुबडी घेऊन आत गेलं की दार लागत नाही, आणि दार लावायचं तर कुबडी बाहेर ठेवायची. फरशी कायम ओली. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ. धडधाकट बायकासुद्धा तिथं एकमेकींचा हात धरून जायच्या.

पाळीचे दिवस आले की मी सरळ रजा टाकायची. महिन्याला दोन दिवस. किरकोळ रजा वर्षाला मिळतात किती, तुम्हीच हिशोब करा. नंतर नंतर बिनपगारी. लघवीच्या जागेचं इन्फेक्शन वर्षातून दोन-तीनदा ठरलेलं. डॉक्टर दर वेळी म्हणायच्या, "अगं, पाणी भरपूर पी." मी मान हलवायची. त्यांना काय सांगू?

आणि एक गोष्ट, जी मी आजवर घरीसुद्धा नीट सांगितली नव्हती. मध्यंतरी मला बढती आली होती. ती घ्यायची तर दुसऱ्या गावी जायचं होतं. मी फोन करून चौकशी केली. ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, टॉयलेट खाली. मी नकार लिहून दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "कौटुंबिक अडचण." आई म्हणाली, "एवढी चांगली संधी का सोडलीस गं?" मी म्हटलं, "तुला एकटीला कुठं सोडू?" तिला ते खरं वाटलं. मला आजही वाईट वाटतं, कारण त्या कागदावर मी खोटं लिहिलं आणि ते आईच्या नावावर टाकलं.

तुम्ही म्हणाल, मागणी का केली नाहीस? केली की. उत्तरं ऐका. एक जण म्हणाले, "मॅडम, घर जवळ आहे, दुपारी जाऊन येत जा." कॅलिपर काढा, घाला, स्कूटर काढा, लावा. अर्ध्या तासाच्या सुट्टीत? दुसरे म्हणाले, "काही लागलं तर सांगा, आम्ही आहोत ना, धरून नेऊ." माणूस चांगला, मनापासून बोलला. पण मला सांगा, टॉयलेटला कुणी कुणाला धरून न्यायचं? रोज? आणि सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य: "तुमच्या एकटीसाठी एवढं करायचं म्हणजे..." ते वाक्य पुरं कुणी करत नाही. पुरं करायची गरजच नसते.

हे "धरून नेऊ, उचलून नेऊ" मोठ्या शहरातही चालतं बरं का. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात विराली मोदीला स्वतःच्या लग्नाच्या दिवशी उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यावं लागलं. ती व्हीलचेअर वापरते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. तिनं ते जाहीरपणे मांडलं म्हणून बातमी झाली. लग्न आयुष्यात एकदा होतं. टॉयलेट रोज लागतं, आणि त्याची बातमी होत नाही.

खरी चीड आणणारी गोष्ट पुढं आहे. आमच्या इमारतीत दिव्यांगांसाठीचं टॉयलेट होतं! तळमजल्यावर, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. बाहेर व्हीलचेअरचं चित्र असलेली पाटी. आत कमोड. आणि कमोडच्या भोवती जुन्या फायली, मोडके पंखे, फिनेलचे कॅन, झाडू. दाराला कुलूप. किल्ली कुणाकडं, ते कुणालाच माहीत नाही. कागदोपत्री सोय झालेली होती. तपासणीला कुणी आलं तर पाटी दिसत होती.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्यात सरकारी कार्यालयांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला "वाजवी सोय" आणि अडथळा नसलेली जागा द्यायची आहे. नियम आले जून २०१७ मध्ये, आणि जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नंतर ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. राजीव रतूडी यांची याचिका होती, २००५ सालची. ते स्वतः दृष्टिबाधित आहेत. न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते शिफारशीच्या स्वरूपात ठेवून चालणार नाही, काही गोष्टी सक्तीच्याच हव्यात, आणि तसे नियम करायला केंद्राला तीन महिने दिले.

शिफारस आणि सक्ती. हा फरक मला निकालाच्या बातमीतून कळला नाही. मला तो एका गवंड्यानं समजावला.

झालं असं. जुलैमध्ये मी त्या मागच्या पायऱ्यांवरून घसरले. इन्फेक्शनच्या गोळ्या चालू होत्या, पाणी पिणं भाग होतं, म्हणून गेले होते. मनगट मोडलं. ज्या हातानं कुबडी धरते, तोच हात. सहा आठवडे घरी. तेव्हा वाचायला वेळ मिळाला, आणि कायद्यातलं कलम २३ सापडलं. प्रत्येक सरकारी आस्थापनेनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, आणि तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हायला हवी. मी डाव्या हातानं अर्ज लिहिला. अक्षर लहान मुलासारखं आलं होतं. त्यात "विनंती" हा शब्द कुठंच घातला नाही. "तक्रार" लिहिलं, पोच घेतली.

कामावर परत आले तेव्हा खोली रिकामी झाली होती. पंखे गेले, फायली गेल्या. भिंतीत स्टीलचा दांडा बसवलेला. सगळे कौतुकानं बघत होते, आता मॅडम खूश. मी आत गेले, आणि दांडा चुकीच्या बाजूला. माझा जोर डाव्या हातावर, दांडा उजवीकडं. तोही खांद्याच्या उंचीवर, बसल्यावर हात पोचणारच नाही. बाहेर येऊन सांगायचं धाडस होईना. इतकं केलंय लोकांनी, आता परत कुरकुर कशी करायची? हा जो संकोच आहे ना, तो कुठल्याही पायरीपेक्षा उंच असतो.

शेवटी शिपाईमामांना सांगितलं. मामा म्हणाले, "ताई, गवंडी अजून मागच्या भिंतीचं काम करतोय, बोलावतो." गवंडी आला. साठीचा माणूस, पाटण तालुक्यातलाच. त्यानं दांडा बघितला, मला बघितलं, आणि म्हणाला, "ताई, कमोडचं झाकण लावून नुसतं बसून दाखवा. उठताना हात कुठं टेकतोय?" मी बसले. त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. "आता उठा." दुसरी खूण. दोन मिनिटांचं काम. नऊ वर्षांत मला हे विचारणारा तो पहिला माणूस.

मी म्हटलं, "मामा, माझ्या एकटीसाठी तुम्हाला परत त्रास." ते वाक्य आता माझ्याच तोंडात बसलं होतं बघा. तर तो म्हणाला, "एकटीसाठी कसला? हा भूकंपाचा भाग. आम्ही भिंत उचलताना लिंटलला बँड घालतो, तो काय कुणी अर्ज करून मागतो का? घालायचाच असतो. हे पण तसंच आहे."

बँड म्हणजे खिडक्या-दारांच्या वरून सगळ्या भिंतींवर फिरणारा काँक्रीटचा पट्टा. भूकंपात तो घर बांधून धरतो. आमच्याकडं ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अजून घराघरात सांगितली जाते. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. तोपर्यंत दख्खनचं पठार सुरक्षित समजलं जायचं. कोयनेनंतर, १९७० मध्ये, देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशाच बदलावा लागला. आता कोयनेत घर बांधताना कुणी म्हणत नाही, भूकंप येईल तेव्हा बघू, कुणी तक्रार केली तर बँड घालू. मग दाराची रुंदी अर्जावर का अवलंबून? माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. तो माझ्याआधी त्या गवंड्यानं मांडला.

आणि "एकटीसाठी" म्हणाल तर ऐका. ते टॉयलेट सुरू होऊन काही महिने झाले. आमच्या एक सहकारी सातव्या महिन्यात होत्या, त्या शेवटपर्यंत तेच वापरत होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक साहेब तिथंच जातात. कामासाठी येणाऱ्या म्हाताऱ्या आजी विचारतात, "बाई, खुर्चीचा संडास हाय का?" माझा नंबर कधीकधी चौथा असतो!

अजून एक बारीक गोष्ट, मुलींनी खास ऐका. मुंबईत २०११ पासून "राइट टु पी" मोहीम चालली, बायकांच्या मुतारीचा प्रश्न चारचौघांत आला. फार मोठं काम. पण दिव्यांग बाई दोन पाट्यांच्या मधे अडकते. "महिला" पाटीकडं पायऱ्या असतात. "दिव्यांग" पाटीच्या आत पॅड टाकायला डबा नसतो, कडी धड नसते, कारण तिथं बाई येईल असा विचारच केलेला नसतो. आमच्याकडं डबा मी स्वतः नेऊन ठेवला.

आता तुमचं काम. मोबाइल तुमच्या हातात आहेच, मोजपट्टीचं ॲप असतं त्यात. कॉलेजात, ऑफिसात, क्लासच्या इमारतीत हे मोजा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर आहे का? दार बाहेर उघडतं किंवा सरकतं का? आत व्हीलचेअर वळायला दीड मीटर मोकळी जागा आहे का? कमोडची उंची ४५ ते ४८ सेंटीमीटर? रॅम्प एकास बारा आहे का? म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. कित्येक रॅम्प असे असतात की त्यावरून बाइकसुद्धा दम घेत चढते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुलूप आहे का, आणि किल्ली कुणाकडं?

कमी पडलं तर लेखी द्या, पोच घ्या. सरकारी जागा असेल तर तक्रार निवारण अधिकारी कोण, ते विचारा. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडं जाता येतं, पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. खासगी कंपनीत असाल तर समान संधी धोरण दाखवा म्हणा. कायद्यानं ते त्यांनाही करावं लागतं. आणि कुणासाठी काही करायला गेलात, तर आधी त्या माणसाला विचारा: हात कुठं टेकतो?

मी आता अकराला एक ग्लास पाणी पिते, दोनला एक. पहिल्या दिवशी प्याले तेव्हा भीती वाटली होती, सवयच गेली होती.

परवा कळलं, बढतीची यादी पुन्हा निघणार आहे. नाव आलं तर मी आधी एक पत्र देणार आहे: त्या ऑफिसात टॉयलेट कसं आहे, लेखी कळवा. नकार द्यायची वेळ आलीच, तर या वेळी कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहीन. आणि त्याआधी आईला सांगेन.

हा भाग ऐकून झाला की तिला पाठवणारच आहे. चला, भेटू. पाणी प्या.