एक चुकीचा आकडा आणि काही कोटी अंशांचा वायू

आजचा भाग गॅलेक्सींबद्दल आहे, पण ताऱ्यांबद्दल नाही. दोन गॅलेक्सींच्या मधली जागा आपण रिकामी समजतो, तिच्याबद्दल बोलू.

ययाती तारकासमूहाच्या दिशेला, साधारण २४ कोटी प्रकाशवर्षं लांब, गॅलेक्सींचा एक मोठा थवा आहे. नाव पर्सियस क्लस्टर. त्यातल्या सगळ्या गॅलेक्सी एका गरम वायूत बुडालेल्या आहेत. तापमान काही कोटी अंश! वायू इतका विरळ, की आपल्या लॅबमधला व्हॅक्यूमसुद्धा त्यापुढे दाट. पण पसारा एवढा प्रचंड, की तिथल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा या वायूचंच वस्तुमान कितीतरी जास्त भरतं. एवढा तापलेला वायू एक्स-रे सोडतो. ते आपल्या वातावरणात अडतात, म्हणून दुर्बीण वरच न्यावी लागते.

नासाच्या चंद्रा दुर्बिणीने या वायूचे सुंदर फोटो काढलेत. मधल्या गॅलेक्सीतल्या कृष्णविवराने वायूत फुगवलेले बुडबुडेही त्यात दिसतात. प्रश्न असा, की एक्स-रे सोडून सोडून हा वायू थंड व्हायला हवा होता, त्यातून ढीगभर तारे बनायला हवे होते. तसं झालेलं नाही. मग त्याला गरम कोण ठेवतंय? संशय त्या कृष्णविवरावरच आहे. पण ते वायूला किती ढवळतंय हे कळायला वायूचा वेग हवा, आणि फोटोवरून वेग कळत नाही.

त्यासाठी वायूतल्या लोखंडाच्या अणूंकडून येणारे एक्स-रे बघायचे. वायू खळबळत असेल तर काही अणू आपल्याकडे येतात, काही लांब जातात, आणि स्पेक्ट्रममधली लोखंडाची रेघ रुंद होते. रुंदी मोजली की वेग मिळाला. हे मोजणारं यंत्र म्हणजे खरं तर एक थर्मामीटर. एक्स-रेचा एक फोटॉन पडला की सेन्सर किंचित तापतो, तेवढंच मोजायचं. म्हणून सेन्सर निरपेक्ष शून्याच्या फक्त ०.०५ अंश वर ठेवायचा!

जपानने हे यंत्र २००० साली पाठवलं, रॉकेटच फसलं. २००५ साली सुझाकू कक्षेत पोचली, पण थंडाव्यासाठीचं हेलियम काही आठवड्यांत उडून गेलं. मग १७ फेब्रुवारी २०१६ ला हितोमी. हितोमी म्हणजे डोळ्यातली बाहुली.

हितोमीने सुरुवातीलाच पर्सियस बघितला. उत्तर आलं: सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर. ऐकायला भारी वाटतं, पण या वायूच्या मानाने हे शांतच म्हणायचं. खळबळीचा दाब उष्णतेच्या दाबाच्या जेमतेम ४ टक्के. म्हणजे वायू स्थिर आहे असं धरून शास्त्रज्ञ अशा क्लस्टरचं वजन काढतात, ते फार चुकत नाही. माझ्या मते ही बातमी पेपरात पहिल्या पानावर यायला हवी होती.

आणि २६ मार्चला सगळं संपलं. दिशा सांगणारी यंत्रणा गंडली. उपग्रह स्थिर होता, पण आपण फिरतोय असं त्याला वाटलं. ते थांबवायला गेला आणि खरंच फिरायला लागला. शेवटी सेफ मोडमध्ये थ्रस्टर चालू झाले, पण त्यांचे आकडेच चुकीचे भरलेले होते. नीट तपासणी न होताच वर पाठवलेले! प्रोडक्शनमध्ये टेस्ट न केलेलं कॉन्फिग. सॉफ्टवेअरमधल्या कुणाच्याही पोटात गोळा येईल. फिरणं थांबण्याऐवजी वाढलं आणि सोलर पॅनल तुटून गेली.

तरी त्यांनी पुन्हा बनवलं. ७ सप्टेंबर २०२३ ला क्रिझम निघाली आणि ती काम करतेय. नरतुरंग तारकासमूहातल्या क्लस्टरमध्ये वायू सेकंदाला १३० ते ३१० किलोमीटर वेगाने हिंदकळतोय, हे तिनेच दाखवलं. एकच अडचण आहे. सेन्सरसमोरचं झाकण बरेच प्रयत्न करूनही उघडलेलं नाही. झाकणात बेरिलियमची पातळ खिडकी आहे. ऑक्सिजनकडून येणारे कमी ऊर्जेचे एक्स-रे तिथेच अडकतात. लोखंडाचे मात्र आरपार जातात. हितोमीने पर्सियस बघितला, तेव्हा तिचंही झाकण बंदच होतं.