स्टेशनजवळचं घर



सकाळपासून निम्म्या वर्गाने मला एकच विचारलंय, "इतकी वर्षं अमेरिकेत, आणि अजून फ्लॅटमध्येच?" त्याचंच उत्तर देते.

आम्ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्सला राहतो. नवऱ्याला न्यू जर्सीत बंगला हवा होता. पण बाबा गेल्यावर आई कायमची आमच्याकडे येणार होती, आणि मैत्रिणींच्या बंगल्यांतले आईवडील मी पाहिले होते. गाडी चालवता येत नाही, चालत जाण्याजोगं दुकान नाही. शनिवारी मुलगा मोकळा होईपर्यंत खिडकीत बसायचं. आयुष्यभर एकटीने बाजारहाट केलेल्या माझ्या आईला ते सोसलं नसतं.

म्हणून जुन्या इमारतीतला को-ऑप फ्लॅट घेतला. को-ऑप म्हणजे आपली सहकारी सोसायटीच, शेअर्स घ्यायचे. फक्त तिथे कमिटी आधी तुमची मुलाखत घेते आणि कारण न देताही नकार देऊ शकते. 1917मध्ये उंच खांबांवरची रेल्वे इथे आली आणि पाठोपाठ मध्ये बागा असलेल्या या इमारती उठल्या. तेव्हा ज्यू आणि कृष्णवर्णीयांना इथे घर देत नसत. आमच्या मुलाखतीला समोर एक ज्यू आजोबा आणि एक कोलंबियन बाई! त्यांनी विचारलं, कुत्रा आहे का? मुंबईत एका सोसायटीने आम्हाला मासे खाता का विचारलं होतं, आणि घर नाकारलं होतं.

सुख सगळंच आहे असं नाही. सात नंबरच्या गाडीचा खडखडाट दिवसरात्र. 2020च्या एप्रिलमध्ये जवळच्या एल्महर्स्ट हॉस्पिटलकडे जाणाऱ्या ॲम्ब्युलन्स रात्रभर ऐकल्या. तेव्हा गर्दीतल्या या घरात आईला घेऊन बसताना पोटात गोळा यायचा. नवऱ्याने "मी सांगत होतो" असं एकदाही म्हटलं नाही, हे मात्र नोंदवून ठेवते.

आई आता 74व्या रस्त्यावर मेथी, कारली स्वतः निवडते. बांगलादेशी मासेवाल्याशी ती हिंदीत घासाघीस करते, तो बंगालीत उत्तर देतो. संकष्टीला अर्ध्या तिकिटात सात नंबरने फ्लशिंग, तिथून बसने गणपतीचं देऊळ. मला संध्याकाळी कळतं.

आज तिला तुमच्या भेटीला आणणार होते. म्हणाली, "तू जा. वरच्या मजल्यावरच्या नेपाळी पोरीचे दिवस भरत आलेत, तिला इथे कुणी नाही."