फोन करणाऱ्याचीही जबाबदारी



एकलहरे येथील वीज केंद्रात कामावर शिरताना डोक्यावर हेल्मेट आणि पायांत बूट लागतात. आत सुरक्षेचे नियम पाळणारा माणूस फाटकाबाहेर पडताच ते का विसरतो, हा प्रश्न घेऊन मी बोलायला उभा आहे. पाळी सुटली की नाशिकरोडकडे दुचाकी निघतात, शेजारून राखेचे अवजड बल्कर जातात आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी मोबाइल वाजतो.

हिशेब साधा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. फोन कुणाचा आहे हे पाहण्यात तीन सेकंद गेले, तर 50 मीटर रस्ता आपण न बघताच पार केलेला असतो. हेल्मेटमध्ये फोन खोचला किंवा कानात ब्लूटूथ घातले, तर हात मोकळे राहतात. मन मात्र बोलण्यात अडकते.

कायदाही स्पष्ट आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार, वाहन चालवताना फोन हातात घेऊन वापरणे आणि त्यामुळे इतरांना धोका निर्माण करणे हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेस सहा महिने ते एक वर्ष कैद, 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने रस्ता शोधण्यापुरतीच नियमांत मुभा आहे. म्हणून नकाशा निघण्यापूर्वीच लावावा.

पण शिक्षा चालकाला होते. फोन करणारा नामानिराळा राहतो. घरचे काळजीपोटी विचारतात, ‘कुठपर्यंत आलास?’ मालक विचारतो, ‘गाडी कुठे पोहोचली?’ घरच्यांचे मन आणि नोकरी, दोन्ही सांभाळण्यासाठी चालक फोन उचलतो. पुढे अपघात झाला की आपण सगळे नशिबाला बोल लावतो. ज्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे, त्याला नशीब कसे म्हणायचे?

माझी विनंती एवढीच आहे. फोन लावल्यावर आधी विचारा, ‘गाडीवर आहेस का?’ उत्तर ‘हो’ आले, तर ‘थांबल्यावर कर’ म्हणून आपणच फोन ठेवा. चालकाने फोन उचलला नाही म्हणून मालकाने त्याला जाब विचारू नये आणि घरच्यांनी रुसू नये. तो फोन उचलत नाही, म्हणजे तो नीट गाडी चालवतो आहे.