शाश्वततेची पदवी: पोरगी नेमकं शिकते काय?



बारावीचा निकाल लागला की बचत गटाच्या बैठकीत हप्त्याच्या आधी पोरींचा विषय निघतो. नर्सिंग, डीएड, बीकॉम ही नावं आपल्या ओळखीची. पण आता एखादी पोरगी म्हणते, मला शाश्वत विकासाची पदवी करायचीय, त्यात विज्ञानही आहे आणि समाजशास्त्रही. आजी विचारते, म्हणजे धड कोणतं? वडील विचारतात, नोकरी कुठं लागणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून आज त्यावरच बोलू.

आजीचं उत्तर विहिरीपाशी आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. आपल्या दुष्काळी पट्ट्यात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका हेक्टरवर ५० लाख लिटर पाणी पडतं. त्याच हेक्टरात ऊस लावला तर त्याला दीड कोटी लिटरच्या वर लागतं. मग वरचं एक कोटी येतं कुठून? धरणातून, नाहीतर शेजारणीच्या शेताखालून.

हा हिशेब गणिताचा झाला. काळ्या पाषाणात पाणी कुठं मुरतं आणि कुठं नाही, हे भूगर्भशास्त्र सांगतं. उसाला कारखान्याचा ठरलेला दर आहे, ज्वारीला तशी खात्री नाही, म्हणून लोक ऊस लावतात, हे अर्थशास्त्र. विहीर सातबाऱ्यावर कुणाच्या नावानं आहे, हा कायदा. आणि विहीर आटल्यावर हंडा कुणाच्या डोक्यावर येतो, ते आपल्याला कुणी शिकवायला नको, पण कॉलेजात त्याला समाजशास्त्र म्हणतात! एकट्या विषयानं विहिरीला पाणी येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पावसाचं पाणी मोजतं, ताळेबंद मांडतं आणि मग कोणती पिकं घ्यायची ते ठरवतं. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथं बंदी आहे. मोजणी आणि गावाचा निर्णय, दोन्ही जुळले म्हणून ते झालं. ही पदवी तेच जुळवायला शिकवते. निदान शिकवायला हवी.

आता वडिलांचा प्रश्न. खरं सांगायचं तर नर्सिंगसारखी सरळ वाट इथं नाही. कृषी अधिकाऱ्याच्या जागेला कृषीचीच पदवी मागतात, तिथं ही चालणार नाही. राज्यसेवेची परीक्षा मात्र कोणत्याही पदवीवर देता येते. पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या यांना गावात मोजमाप करणारी आणि बायांशी बोलू शकणारी माणसं लागतात. सेबीनं २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना पाणी, वीज, कचरा, कामगार यांचा अहवाल देणं सक्तीचं केलंय, तेही काम वाढतंय. पण ते बहुतेक शहरात, हे पोरीला आधीच सांगा.

त्यासाठी लांबच गेलं पाहिजे असं नाही. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेचा विषय घेता येतो. तालुक्याच्या कॉलेजात भूगोल मुख्य आणि अर्थशास्त्र जोडीला, असं जमतं का ते विचारा. पुढं शिकायचं झालं तर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र १९८६ पासून ग्रामीण प्रश्नांवरच काम करतंय.

आमचं मत विचाराल तर नुसतं नाव बघून फी भरू नका. 'सस्टेनेबिलिटी' हा शब्द आता पाटीवर छान दिसतो. कॉलेजात जाल तेव्हा पोरीला सोबत घ्या आणि तिलाच विचारू द्या: तीन वर्षांत किती दिवस गावात काम करायचं? माती-पाणी तपासायला प्रयोगशाळा आहे का? आकडेवारी आणि नकाशे संगणकावर शिकवतात का? मागच्या बॅचच्या मुली आज काय करतात? त्यातल्या एकीशी तरी बोलता येईल का? वसतिगृह आहे का, आणि शिष्यवृत्तीचे पैसे येईपर्यंत फी थांबवतात का, हेही त्याच खिडकीवर विचारून घ्या. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मात्र अर्जाच्या आधीच काढून ठेवा. ऐनवेळी सेतू केंद्रावर केवढी रांग असते, ते तुम्हाला ठाऊक आहेच.