रोजा, सिलिंडर आणि पत्रीपूल



2021चा रमजान 14 एप्रिलला सुरू झाला आणि त्याच रात्री राज्यात कडक निर्बंध लागले. मशिदीतली तरावीह बंद. माझ्यासाठी मशीद म्हणजे दोस्त भेटायची जागा, तीच गेली.

मग कल्याणच्या दूधनाक्यावरची आम्ही 7 पोरं ऑक्सिजन पोचवायला लागलो. हिशेब तिथेच शिकलो. लहान सिलिंडरमध्ये साधारण 1,500 लिटर. मिनिटाला 2 लिटर लागले तर 12 तास, 5 लागले तर 5च. सहरीनंतर दिलेला सिलिंडर काही घरांत सकाळी दहालाच संपायचा. घड्याळ बघायचो ते इफ्तारसाठी नव्हे, त्यासाठी. नवा पत्रीपूल जानेवारीतच सुरू झाला होता, म्हणून डोंबिवली वेळेत गाठता यायची.

तिथल्या एका आजींनी दारातच विचारलं, "रोजा आहे ना रे तुझा? मग चार मजले चढून कशाला आलास?" संध्याकाळी रिकामा सिलिंडर न्यायला गेलो, तर वाटीत खजूर झाकून ठेवलेले. जिन्यातच रोजा सोडला. (फोटो काढायला कुणी नव्हतं, बरं झालं.)

आजोबा त्याच आठवड्यात गेले. आजींचा फोन आला, "सिलिंडर घेऊन जा, कुणाला तरी लागेल."

त्या रात्री घरी एकटाच नमाजला उभा राहिलो. तोवर मी पाठ असलेल्याच दुआ मागायचो. त्या रात्री मराठीत मागितली, आजींसाठी.

14 मेला ईद. नमाज घरीच. शीरखुर्मा प्यायलो आणि ठाकुर्लीला दोन सिलिंडर घेऊन निघालो.