घरी आलेले विद्यापीठ
(वार्षिक संमेलनातील भाषण)



तंत्रशिक्षणासाठी मुलास शहरी धाडावयाचे म्हणजे वसतिगृह, खाणावळ आणि कर्ज, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. मुलीचे तर नावच नको, असे म्हणणारी घरे आपल्यात अद्यापि आहेत. मद्रासच्या आय.आय.टी.ने सन २०२० मध्ये प्रोग्रॅमिंग व डेटा सायन्सचा पदवी-अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू केला. त्यास जेईईची अट नाही. चार आठवडे पाठ ऐकून, स्वाध्याय सोडवून पात्रता-परीक्षा द्यावयाची. पाठ घरी, परंतु परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष. म्हणूनच त्या पदवीस आम्ही मान देतो. लेथ पडद्यावर पाहून हाती येत नाही, त्यास कर्मशाळाच हवी. संगणकाची प्रयोगशाळा मात्र संगणकातच असते.

अडचण निराळीच आहे. दोन खोल्यांचे घर, तीन भावंडांत एक भ्रमणध्वनी, शेजारी दूरचित्रवाणी चालू. तेथे कसले विद्यार्जन? शिष्यवृत्ती-निधीचा काही अंश खर्चून ज्ञातिगृहाच्या माडीवरील खोली चार संगणक व इंटरनेटसह पहाटेपासून उघडी ठेवावी, त्यांतील दोन संगणक मुलींसाठी राखावेत, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे मांडीत आहोत. लग्नसराईतही ती खोली भाड्याने देऊ नये.